मुली दुसऱ्या वर्षीही मैदानावर आल्या पाहिजेत

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे बँकेत नोकरीला आहेत, वय २९, स्वतः हाफ मॅरेथॉन पळतात. बदली होऊन तालुक्याच्या गावी आले. रोज पहाटे पळताना दिसतात म्हणून तिथल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं, "आमच्या पाचवी ते आठवीच्या मुलींना शिकवाल का?" मानधन नाही. शाळेला मातीचं मैदान आहे आणि तीसेक मुली तयार आहेत. यांना तीन गोष्टी हव्या आहेत: आठवड्याचं वेळापत्रक, कुठल्या वयाला किती किलोमीटर याचा हिशेब, आणि कोचिंगचं सर्टिफिकेट नसताना शिकवलेलं चालतं का याचं उत्तर. जाता जाता शेवटी एक ओळ आहे: "मी पुरुष आहे, त्याने काही फरक पडतो का?"

आधी एवढं सांगते की बाईंना हो म्हणा. मी विद्यापीठाकडून क्रॉसकंट्री पळायचे. नंतर नोकरी आणि घर सांभाळून सातारा जिल्ह्यात शाळेच्या मुलींना पळायला शिकवत आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. विनामोबदला, नियमाने येणारं माणूस मिळणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही विचारताय म्हणजे तुम्हाला जबाबदारी कळतेय, आणि निम्मं काम तिथेच होतं.

पण तुम्ही मागितलेलं वेळापत्रक हा यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते पुढचं. शाळा सुरू झाल्यावर उत्साहाने तीस मुली येतात. शालेय स्पर्धा जवळ आल्या की सर किंवा मॅडम त्यातल्या चार-पाच वेगवान मुली निवडतात आणि सगळं लक्ष त्यांच्यावर जातं. बाकीच्यांना कुणी "येऊ नका" म्हणत नाही, पण आपलं इथे काम नाही हे त्यांना बरोबर कळतं. दिवाळीनंतर मैदानावर त्या चार-पाचच उरतात, आणि नववीत गेल्यावर त्यांच्यातल्याही दोघी-तिघी घरी बसतात. मुलींच्या बाबतीत हे मी फार वेळा पाहिलंय. म्हणून माझा हिशेब असा आहे की सगळ्यात मागे राहणारी मुलगी पुढच्या जूनमध्ये परत आली तर तुमचं कोचिंग चांगलं. तालुक्याला मेडल आलं तर आनंदच आहे, पण मोजायचं ते हे. खाली जे काही लिहिते आहे ते या एका गोष्टीसाठी आहे.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. मुली शाळेजवळ राहतात की वाडी-वस्तीवरून तीन-चार किलोमीटर चालत येतात? चालत येत असतील तर त्यांचा वॉर्म-अप झालेलाच असतो, त्यात आणखी दोन राउंड घालू नका. मैदानाला कुंपण आहे का, की गावातली सगळी माणसं तिथूनच ये-जा करतात? शाळेत मुलींसाठी चालू स्थितीतलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का, आणि सकाळी सात वाजता त्याची चावी कुणाकडे असते? हा शेवटचा प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटेल. पण या चावीमुळे मुली यायच्या बंद झालेल्या मी पाहिल्यात.

आता तुमची शेवटची ओळ. फरक पडतो. त्यामुळे तुम्ही अपात्र ठरत नाही, पण काही गोष्टी पहिल्या दिवसापासून पक्क्या कराव्या लागतात. मुख्याध्यापिकांकडून लेखी पत्र घ्या: कोणते दिवस, किती ते किती, कुठे, आणि शाळेकडून हजर कोण राहणार. सराव चालू असेपर्यंत एक शिक्षिका, किंवा पालकांनी ठरवलेली एखादी आई, मैदानावर असलीच पाहिजे. ती नसेल त्या दिवशी सराव नाही. मुली "चालतंय की सर" म्हणतील, तरी नाही. चारित्र्य पडताळणीचा दाखला पोलिसांकडून ऑनलाइन अर्ज करून मिळतो. कुणी मागितला नसला तरी काढा आणि शाळेत देऊन ठेवा. अमेरिकेत 'गर्ल्स ऑन द रन' नावाचा मुलींच्या पळण्याचा मोठा उपक्रम आहे. मॉली बार्कर यांनी १९९६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात १३ मुलींना घेऊन तो सुरू केला. तिथे स्वयंसेवक कोच स्वतः पळणारा असावा अशी अट नाही, पण त्याची पार्श्वभूमी तपासल्याशिवाय त्याला मुलींपुढे उभं करत नाहीत. हा क्रम मला पूर्ण पटतो. आपल्याकडे शाळा एवढं करत नाहीत, तर आपण होऊन करावं.

पुढचं रोजच्या वागण्यातलं. एकाही मुलीशी फोनवर वैयक्तिक चॅट नको. ग्रुप करायचा तो पालकांचा, आणि त्यात शिक्षिका हवी. कुणाला गाडीवरून घरी सोडायचं नाही, पाऊस आला तरी. हात कसा हलवायचा, गुडघा किती उचलायचा हे स्वतः करून दाखवा. मुलीला हात लावून दुरुस्त करू नका, पाय मुरगळलाच तर शिक्षिकेला पुढे बोलवा. पळतानाचे फोटो स्टेटसला टाकू नका. गावात त्या फोटोचं काय होतं आणि मग कोणाच्या घरी काय बोललं जातं, ते आपल्या हातात राहत नाही. मुलींना पहिल्याच आठवड्यात १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पाठ करायला लावा आणि तो कशासाठी असतो ते शिक्षिकेकडून सांगवा. आणि तुम्हाला स्वतःला एक कायदा माहीत असायला हवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं कळलेल्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. "घरचा मामला आहे" म्हणून गप्प बसायची मुभा कोचलाही नाही. मुली मैदानावर मोकळ्या होतात, बोलतात. कधी असं काही कानावर येईल, तेव्हा काय करायचं हे आधी ठरलेलं असू द्या.

पालकसभा सुरुवातीलाच घ्या. आया सकाळी डब्याच्या गडबडीत असतात, म्हणून संध्याकाळची वेळ ठेवा. तिथे दोन प्रश्न हमखास येतील. पहिला, "पळून पोरगी काळी पडेल, बारीक होईल, लग्नाला त्रास होईल." यावर वाद घालू नका, एकदा सरावाला येऊन बसा म्हणा. दुसरा प्रश्न वडिलांचा असतो: "पोलीस भरतीला उपयोग होईल का?" आपल्याकडे महिलांच्या पोलीस भरतीत ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते, त्यामुळे मुलीने पळणं आणि नोकरी यांची जोडी बापाच्या डोक्यात पक्की असते. मला यात वावगं वाटत नाही. कित्येक मुलींना घराबाहेर पडायची परवानगी याच एका शब्दामुळे मिळाली आहे. पण पहाटे मैदानावर भरतीची मुलं जे करत असतात, टाइम लावून ८०० वर ८०० मारणं, ते अकरा वर्षांच्या मुलीने करायचं नसतं. वडिलांना स्पष्ट सांगा की भरती अजून सात-आठ वर्षं लांब आहे, तोवर हिला पळण्याचा कंटाळा येऊ द्यायचा नाही हे माझं काम.

आता सराव. आठवड्यातून तीन दिवस पुरेत, मधे एक-एक दिवस सोडून, प्रत्येक वेळी ४५ ते ५० मिनिटं. किलोमीटरचा हिशेब या वयात मी ठेवतच नाही, मिनिटांचा ठेवते. पहिली दहा-बारा मिनिटं खेळ: साखळी, विष-अमृत, जोडीची पकडापकडी. खेळाच्या नादात मुली मैदानभर किती वेळा सुसाट पळतात ते एकदा नुसतं उभं राहून बघा. तुम्ही शिट्टी वाजवून "स्प्रिंट मारा" म्हणालात तर त्याच्या निम्म्यानेही पळणार नाहीत. मग थोडं पळण्याचं तंत्र: जागच्या जागी गुडघे उचलणं, टाचा मागे मारणं, उड्या, दोरीवरच्या उड्या. त्यानंतर मुख्य पळणं. पहिले दोन-तीन आठवडे एक मिनिट हळू पळणं, एक मिनिट चालणं, असं सात-आठ वेळा. हळूहळू पळण्याची मिनिटं वाढवा, चालण्याची कमी करा. तीन महिन्यांनी बहुतेक मुली १५ ते २० मिनिटं न थांबता सहज पळतात. शेवटी पाच मिनिटं चालणं, हात-पाय ताणणं, गप्पा आणि घरी.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो वेग शिकवायला, आणि हे कागदावर लिहून जमत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्या दिवशी "पळा" म्हटलं की तीसच्या तीस मुली बाण सुटल्यासारख्या सुटतात. पहिल्या वळणापर्यंत हसणं, ओरडणं. दुसऱ्या वळणावर निम्म्या चालायला लागतात, कुणी कमरेवर हात ठेवून वाकते, कुणी बरगडीखाली कळ आली म्हणून बसते. तिथून जी मुलगी मागे पडते तिचं मनात ठरून जातं की "मला पळता येत नाही." तिला पळता येतंच, तिला वेग कळत नाही एवढंच आहे. त्यासाठी मी जोड्या लावते आणि सांगते, पळता पळता एकीने दुसरीला काल रात्री घरी काय केलं होतं ते सांगायचं. भाकरी, पिठलं, कोण रुसलं, कोण पाहुणे आले, सगळं. वाक्य मधेच तुटायला लागलं की वेग जास्त झाला, कमी करायचा. परत बोलता आलं पाहिजे. सुरुवातीला त्यांना हे पळणं वाटतच नाही, "मॅडम, हे तर रांगणं झालं," म्हणतात. दोन आठवड्यांत मात्र मागच्या मुलीही पूर्ण वेळ पळताना दिसतात, आणि जिने पहिल्या दिवशी बसकण मारली होती ती मैत्रिणीला "हळू घे गं, बोलता येईना" म्हणून सांगते. ती हे सांगायला लागली की तिची काळजी सोडा. ती आता शिकली.

कळ आली तर घाबरायचं कारण नाही. चालायला लावा, खोल श्वास घेऊन हळू सोडायला सांगा, थोड्या वेळात जाते. पण "पोटात दुखतंय" याचे अर्थ बरेच असतात. काही मुली रात्रीच्या जेवणानंतर सकाळी काहीच न खाता आलेल्या असतात, त्यांना भूक लागलेली असते. म्हणून सरावाआधी अर्धा-पाऊण तास केळं, किंवा मूठभर शेंगदाणे आणि गूळ, एवढं तरी खायला सांगा. घरी जमत नसेल तर एक डबा तुम्ही किंवा शाळेने ठेवा, आणि तो सगळ्यांसाठी असू द्या. एकटीला बोलावून द्यायला गेलात तर ती घेणार नाही.

कधी "पोटात दुखतंय" याचा अर्थ पाळी असतो. पाचवी ते आठवी म्हणजे साधारण १० ते १४ वर्षं. मुलीच्या शरीरात सगळ्यात मोठे बदल होतात ते याच चार वर्षांत. आधी उंची झपाट्याने वाढते, त्यानंतर साधारण वर्षभराने पाळी येते, अंगाची ठेवण बदलते. या काळात सहावीत वेगवान असलेली मुलगी सातवी-आठवीत हळू झालेली दिसते. ती आळशी झालेली नसते. तिच्याकडे तेच शरीर राहिलेलं नसतं, आणि नव्याची सवय व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. कोच इथे "तू पूर्वीसारखी पळत नाहीस" असं एकदा बोलला की मुलगी कायमची जाते. वजनाबद्दल तर एक अक्षरही नको, कौतुक म्हणूनही नको.

पाळीबद्दल बोलायचं काम शिक्षिकेचं. व्यवस्था मात्र तुम्हीही करू शकता. प्रथमोपचाराच्या पेटीत पॅड ठेवा आणि पेटी शिक्षिकेकडे असू द्या. पाळीत पळलं तर चालतं, त्रास होत नसेल तर काही अपाय नाही, हे मुलींना आणि आयांना शिक्षिकेने सांगावं. आणि माझ्याकडे एक नियम आहे, तो तुम्ही जसाच्या तसा उचला: ज्या दिवशी पळायचं नाही त्या दिवशी कारण सांगायची गरज नाही. "आज मी वेळ घेते" एवढं म्हणायचं, स्टॉपवॉच आणि वही हातात घ्यायची. तिला काम असतं, ती गटातच असते, कुणी "का गं बसलीस?" विचारत नाही. त्यामुळे महिन्यातले ते दोन-तीन दिवस मुलगी घरी राहत नाही. मुली एकदा त्या दिवसांत घरी राहायला लागल्या की हळूहळू बाकीचे दिवसही तुटतात.

कपड्यांचंही यातच येतं. ओढणी सांभाळत कुणाला पळता येत नाही. शाळेचा पीटीचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट ही सगळ्यांना चालणारी गोष्ट आहे, हाफ पँटचा आग्रह धरू नका. सातवी-आठवीच्या मुलींना नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा मिळाली तर त्यांचं पळणंच बदलतं. हा विषय आयांकडे शिक्षिकेनेच काढायचा, पण तो काढला जाईल याची आठवण तुम्ही ठेवा. बऱ्याच मुली पळणं सोडतात त्याचं खरं कारण हे असतं आणि त्या ते कधीच बोलून दाखवत नाहीत.

बुटांवर फार खर्च करायला लावू नका. साधे कॅनव्हासचे बूट मातीवर चालतात, फक्त पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी हवी. स्वच्छ मातीवर थोडा वेळ अनवाणी पळायलाही हरकत नाही. पण आधी मैदान स्वतः चालून बघा: सराटे, बाभळीचे काटे, काचा. पावसाळ्यानंतर कडेचं गवत वाढलेलं असतं, त्यात मुलींना बॉल आणायला पाठवू नका.

दम लागण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. एखादी मुलगी महिनाभर नियमित येऊनही पहिल्या पाच मिनिटांत थकत असेल, धाप लागत असेल, डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आत पांढुरकं दिसत असेल, तर तिला आणखी पळवू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असणं, आढळला. म्हणजे तुमच्या तीस मुलींमध्येही अशा काही असणार हे धरूनच चला. १२ ते १४ वर्षांच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि त्याहून लहान मुलीचं ११.५ च्या खाली असेल तर ते कमी. शाळेत आठवड्यातून एकदा जी निळी गोळी देतात तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. मुली ती मळमळते म्हणून खिशात घालतात आणि वाटेत टाकतात. रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो, आणि तिच्या आगेमागे तासभर चहा नको, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू सोबत असेल तर उत्तम. एवढं सांगणं तुमच्या हातात आहे. तपासणी आणि औषध मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून. स्वतः दुकानातून टॉनिक आणून देऊ नका.

दुखण्यांपैकी दोन या वयात हमखास दिसतात. टाचेच्या मागच्या बाजूला दुखणं आणि गुडघ्याच्या खाली जो हाडाचा उंचवटा असतो तिथे दुखणं. दोन्ही ठिकाणी वाढत्या हाडाच्या कोवळ्या भागावर स्नायूंचा ताण येतो, उंची वाढण्याच्या दिवसांत जास्त. विश्रांती, उड्या बंद, पळणं कमी, याने बहुतेकदा बरं होतं. माझी खूण साधी आहे: मुलगी लंगडत असेल तर त्या दिवशी पळणं बंद, ती कितीही नाही म्हणाली तरी. सूज असेल, रात्री झोपेतून उठण्याइतकं दुखत असेल किंवा दोन आठवड्यांत कमी झालं नाही, तर हाडांच्या डॉक्टरांकडे. सुरुवातीलाच पालकांकडून एका कागदावर लिहून घ्या: दमा, फिट, हृदयाचा काही त्रास, चालू औषधं, आणि फोन लागेल असे दोन नंबर. पळताना चक्कर येऊन पडलेली किंवा छातीत दुखतंय म्हणणारी मुलगी डॉक्टरांनी बघितल्याशिवाय परत पळवायची नाही. फेब्रुवारीपासून ऊन चढतं, तेव्हा आठच्या आत आटपा आणि मधे पाणी प्यायला थांबा.

एका गोष्टीवर माझं मत फार ठाम आहे. राउंड ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. उशीर झाला, दोन राउंड. बोललीस, तीन राउंड. हे आपण सगळ्यांनी शाळेत सोसलंय. ज्या गोष्टीची गोडी लावायला तुम्ही पहाटे उठून येता, तीच गोष्ट शिक्षा म्हणून दिली तर मुलगी तिच्याकडे शिक्षा म्हणूनच बघणार. तसंच "मुलासारखी पळते" हे कौतुक नको. ती मुलगी आहे आणि छान पळते, तेवढं पुरे.

स्पर्धेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शाळा विचारेल. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धांमध्ये १४ वर्षांखालच्या मुलींच्या धावण्याच्या शर्यती ६०० मीटरपर्यंतच असतात, आणि ते योग्यच आहे. गावोगावी होणाऱ्या पाच-दहा किलोमीटरच्या बक्षिसाच्या रोड रेसना या वयाच्या मुलींना घेऊन जाऊ नका, आयोजकांचे कितीही फोन आले तरी. आठवीतल्या ज्या मुलींना खरंच स्पर्धा हवी आहे त्यांना स्पर्धेआधीच्या महिन्यात आठवड्यातून एक दिवस थोडं वेगाचं काम द्या, म्हणजे १५० मीटर जोरात, चालत परत, असं चार-पाच वेळा. बाकी दिवस त्या सगळ्यांबरोबरच. आणि प्रत्येक मुलीची वही ठेवा. महिन्यातून एकदा ६०० मीटरची वेळ लिहायची, फक्त तिची स्वतःच्या मागच्या वेळेशी तुलना करायची. भिंतीवर नंबर लावून यादी चिकटवू नका. सगळ्यात हळू मुलीचे चार महिन्यांत वीस सेकंद कमी झाले तर त्या दिवशी टाळ्या तिच्यासाठी.

मुलींना ललिता बाबर आणि कविता राऊत यांची नावं जरूर सांगा. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत भारतीय महिला दिसली ती पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविताने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझोच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. आमच्या भागात ललिताचं नाव काढलं की मुलींचे चेहरे बदलतात, कारण मोहीकडे जाणारी एसटी त्यांनी पाहिलेली असते. पण हे नाव मुलीला टोचायला वापरू नका, "ललिता बाबर व्हायचंय ना, मग पळ." मी मुद्दाम सांगते की ललिता शाळेत आधी खो-खो खेळायची. बारा-तेराव्या वर्षी खेळत राहणं महत्त्वाचं, कुठला खेळ ते नंतर ठरतं. तुमच्याकडची एखादी मुलगी कबड्डीला गेली तर तिला हसत जाऊ द्या.

सर्टिफिकेटचं उत्तर लहान आहे. शाळेत विनामोबदला शिकवायला ते लागत नाही, शाळेची लेखी परवानगी लागते. पुढे रस वाटला तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो. वर्ल्ड अॅथलेटिक्सचा 'किड्स अॅथलेटिक्स' हा लहान मुलांसाठीचा खेळांवर आधारलेला कार्यक्रमही बघून ठेवा, त्यातले बरेच खेळ दोरी, टायर आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या वापरून होतात. पण त्याआधी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या, ते पहिल्या महिन्यातच.

आणि तुमच्या नोकरीबद्दल. मार्चअखेर बँकेत काय असतं ते मला माहीत आहे. तीन दिवस झेपणार नसतील तर दोनच सांगा, पण ते दोन चुकवू नका. मुली मैदानावर उभ्या आणि सर आलेच नाहीत असं तीन-चारदा झालं की पालक पाठवायचं बंद करतात. तुमची बदली पुन्हा होणार हेही नक्की. म्हणून पहिल्या वर्षापासूनच शिक्षिकेला सगळं शिकवत चला आणि नववीत गेलेल्या दोन मुलींना वॉर्म-अप घ्यायला उभं करा. त्या शिट्टी घेऊन उभ्या राहिल्या की लहान मुली जास्त ऐकतात, आणि नववीत पळणं सुटण्याची जी सगळ्यात मोठी भीती असते ती त्या दोघींपुरती तरी टळते.

आता या आठवड्यात मुख्याध्यापिकांना भेटा, पत्र आणि पालकसभेची तारीख घ्या, स्वच्छतागृहाची चावी कुणाकडे राहणार ते ठरवून या. त्यानंतर मुलींची संख्या, कुठल्या इयत्तेतल्या किती, चालत येणाऱ्या किती आणि मैदान साधारण केवढं, एवढं मला कळवा. पहिल्या महिन्याचं वेळापत्रक तुमच्या मुलींकडे बघून आपण बसवू.